पुन्हा पुन्हा उद्भवणारी पोर्टची गडबड: कर्नलमधले विखुरलेले इनबी-आउटबी कसे आवरायचे

लक्षणं साधारण अशी असतात. सेन्सरचा ड्रायव्हर नीट चालत असतो आणि मधेच तापमान २५५ किंवा उणे १ दाखवतो. पुढचं रीडिंग पुन्हा बरोबर येतं. मॉड्यूल काढून परत लोड केलं की ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ येतं आणि रीबूट केल्याशिवाय ते जात नाही. तोच ड्रायव्हर एआरएम बोर्डावर लोड केला की कर्नल थेट कोसळतो. कोणीतरी एक डिले वाढवतं, तक्रार थांबते, आणि पुढच्या कर्नल आवृत्तीत तीच तक्रार वेगळ्या रूपात परत येते.

या तीन वेगळ्या तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. ड्रायव्हरमध्ये जागोजागी थेट पोर्ट, म्हणजे उपकरणाशी बोलण्याचे क्रमांकित पत्ते, वाचणं-लिहिणं चालू असतं (वाचायला इनबी, लिहायला आउटबी ही फंक्शनं) आणि त्या पोर्टचा मालक कोण, हे कोडमध्ये कुठेच ठरलेलं नसतं. खालचं सगळं लिनक्स कर्नल समोर ठेवून लिहिलं आहे, पण स्वतःचा छोटा कर्नल लिहिणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

आधी २५५ कुठून येतं ते पाहू. एक्स८६ प्रोसेसरला मेमरीपासून वेगळी अशी ६५,५३६ पोर्टची जागा असते आणि तिथे ‘इन’ आणि ‘आउट’ या सूचनांनीच जाता येतं. मेमरीत चुकीच्या पत्त्यावर गेलं तर पेज फॉल्ट येतो आणि लॉगमध्ये निदान पत्ता तरी मिळतो. पोर्टला पेज टेबलचं संरक्षणच नाही. कर्नल मोडमधला कोड कुठलाही पोर्ट गाठू शकतो आणि चुकीच्या पोर्टवर लिहिलं तर कोणीही ओरडत नाही. त्या पत्त्याला उत्तर देणारं उपकरण नसेल तर वाचताना सहसा सगळे बिट १ मिळतात, म्हणजे हेक्स एफएफ, म्हणजे २५५, किंवा चिन्हासह वाचलं तर उणे १. त्यामुळे हा आकडा दिसला की सेन्सर बिघडला असं समजू नका. त्या क्षणी त्या पोर्टवर तुमचं उपकरण उत्तर द्यायला हजर नव्हतं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी बघा, मग हात लावा

रूट म्हणून ‘प्रॉक’मधली ‘आयओपोर्ट्स’ ही फाइल, म्हणजे कोणता पोर्ट कोणाच्या नावे आहे याची यादी, वाचा. साध्या युजरने वाचली तर सगळे पत्ते शून्य दिसतात आणि उगाच गोंधळ होतो. ड्रायव्हर चालतो आहे आणि तरी त्याचं नाव या यादीत नाही, असं असेल तर तो ‘रिक्वेस्ट रीजन’ (पोर्ट आपल्या नावे मागणारं फंक्शन) न करताच पोर्ट वापरतो आहे. हे लक्षात ठेवायलाच हवं की ‘रिक्वेस्ट रीजन’ म्हणजे पहारेकरी नाही. ती केवळ नोंद आहे. ज्याने नोंद केली नाही त्याला पोर्टपासून कोणी अडवत नाही, आणि म्हणून एक बेशिस्त ड्रायव्हर बाकीच्या शिस्तबद्ध ड्रायव्हरांना बिघडवू शकतो.

‘बिझी’वाल्या तक्रारीचं कारण बहुधा याच फाइलमध्ये सापडतं. मॉड्यूल काढल्यावरही त्याची ओळ राहिली असेल तर नोंद मोकळी करणारं ‘रिलीज रीजन’ कुठल्या तरी वाटेवर राहून गेलं आहे, बहुतेक वेळा प्रोबच्या (उपकरण शोधून सुरू करणाऱ्या फंक्शनच्या) अर्ध्यात अपयश येऊन परतणाऱ्या वाटेवर. यात आणखी एक धोका आहे. त्या ओळीतलं नाव मॉड्यूलच्या मेमरीतल्या स्ट्रिंगकडे बोट दाखवत असतं. मॉड्यूल गेलं की ती मेमरीही जाते, आणि मग फक्त ही फाइल वाचली तरी कर्नल ऊप्स (गंभीर चुकीचा अहवाल) देऊ शकतो. असा ऊप्स दिसला तर फाइल दाखवणाऱ्या कोडला दोष देऊ नका, शेवटचं कुठलं मॉड्यूल काढलं ते शोधा. इलाज सोपा आहे: ‘डेव्हएम’ने सुरू होणारी आवृत्ती वापरा, म्हणजे डिव्हाइस सुटताना नोंद आपोआप सुटते. जुन्या कोडमध्ये ‘चेक रीजन’ने आधी विचारून नंतर घेण्याची पद्धत होती. विचारणं आणि घेणं यांच्या मधल्या वेळात दुसरा कोणी पोर्ट घेऊ शकत असे, म्हणून ते फंक्शन कर्नलमधून काढूनच टाकलं. आता थेट मागायचं आणि मिळालं नाही तर मुकाट्याने परत फिरायचं. नल परत आलं आहे का हे न तपासता पुढे जाणारा कोड अजूनही भरपूर सापडतो, आणि नेमका तोच शोधायचा आहे.

लॉगमध्ये एसीपीआयशी, म्हणजे फर्मवेअरच्या हार्डवेअर सांभाळणाऱ्या कोडशी, रिसोर्स कॉन्फ्लिक्ट झाल्याची ओळ असेल तर थांबा. एसीपीआयची अंमलबजावणी सैल करणारा बूट पर्याय द्या, असा सल्ला सर्रास दिला जातो. माझ्या मते निदानापुरतं एकदा करून पाहायला तो ठीक आहे, पण उपाय म्हणून नाही. ती ओळ सांगते की फर्मवेअरचा कोडही त्याच पोर्टना हात लावतो, आणि तुमचं लॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारी कोडमधली कडी) त्याला माहीत नाही. पर्याय सैल केल्याने कॉन्फ्लिक्ट जात नाही, दिसेनासा होतो. महिनाभराने पंखा चुकीच्या वेगाने फिरू लागला तर त्याचा संबंध या पर्यायाशी कोणालाही लावता येणार नाही.

मग सगळ्या सोर्समध्ये इनबी, इनडब्ल्यू, इनएल, त्यांचे आउटवाले भाऊ, शेवटी ‘पी’ असलेले प्रकार आणि स्ट्रिंगवाले इनएसबी-आउटएसबी शोधा. जे सापडेल ते तीन ढिगांत टाका: थेट आकडा लिहिलेले, बेसमध्ये ऑफसेट मिळवणारे, आणि आधी एका पोर्टवर इंडेक्स लिहून मग शेजारच्या पोर्टवर डेटा वाचणारे. पहिले दोन ढीग कंटाळवाणे पण सरळ असतात. खरा त्रास तिसऱ्यात आहे.

इंडेक्स आणि डेटाची जोडी

सीमॉसचं, म्हणजे पीसीचं घड्याळ आणि सेटिंग्ज ठेवणाऱ्या चिपचं, उदाहरण घेऊ. हेक्स ७० वर रजिस्टरचा (चिपमधल्या छोट्या खणाचा) क्रमांक लिहायचा आणि हेक्स ७१ वर त्याची किंमत वाचायची. एका कोडने ७० वर हेक्स ०ए लिहिलं, कारण त्याला घड्याळ सध्या अपडेट होतंय का ते पाहायचं आहे. तेवढ्यात इंटरप्ट (उपकरणाने मधेच दिलेली हाक) आला आणि त्याच्या हँडलरने तास वाचण्यासाठी ७० वर ०४ लिहिलं. हँडलर संपला, पहिला कोड जागा झाला, त्याने ७१ वाचलं आणि त्याच्या हातात स्टेटसऐवजी तास आला. तासाच्या आकड्यात वरचा बिट शून्य असेल तर त्याला वाटतं अपडेट चालू नाही, आणि तो अर्धवट बदललेली वेळ उचलतो. वाचण्याऐवजी लिहिणं चालू असतं तर भलत्याच रजिस्टरवर किंमत पडली असती. दोन माणसांनी एकच पाटी वापरावी आणि एकाने लिहिलेलं दुसऱ्याने पुसून टाकावं, तसं हे आहे. प्रत्येकाचा कोड वेगळा वाचला तर निर्दोष दिसतो.

म्हणून या जोडीची दोन्ही कामं एकाच लॉकखाली हवीत, आणि इंटरप्टमधूनही कोणी येणार असेल तर लॉक इंटरप्ट बंद करून घेणारं हवं. सीमॉससाठी कर्नलमध्ये ‘आरटीसी लॉक’ नावाचं स्पिनलॉक (न झोपता वाट पाहणारं लॉक) आधीच आहे. स्वतःचं नवं लॉक काढू नका. प्रत्येक फाइलचं आपापलं लॉक असलं तर कोणीच कोणाला थांबवत नाही. आणखी एक बाब: पीसीवर ७० या पोर्टचा सर्वात वरचा बिट एनएमआय, म्हणजे गंभीर बिघाडाचा तातडीचा इंटरप्ट, दाबण्यासाठी वापरला जातो. इंडेक्स लिहिताना तो बिट नकळत चढला तर मेमरीच्या गंभीर चुकांची सूचना येणं बंद पडू शकतं, आणि तुम्हाला कळणारही नाही.

सुपर आयओ चिपचं प्रकरण आणखी नाजूक आहे. ती सहसा हेक्स २ई आणि २एफ वर, किंवा ४ई आणि ४एफ वर बसते. तिच्या आत शिरायला आधी ठरावीक किल्ली लिहावी लागते. विनबॉन्ड आणि नुवोटॉनच्या अनेक चिपना हेक्स ८७ दोनदा, आणि बाहेर पडताना एए. आत गेल्यावर रजिस्टर ०७ मध्ये लॉजिकल डिव्हाइसचा (चिपमधल्या एका भागाचा) क्रमांक घालायचा, मग त्या डिव्हाइसची रजिस्टरं दिसतात. आता याच एका चिपमध्ये तापमानाचा सेन्सर, वॉचडॉग (मशीन अडकलं तर रीसेट करणारा टायमर), जीपीआयओ (सर्वसाधारण वापराच्या पिना) आणि पॅरलल पोर्ट असतात, आणि प्रत्येकाचा ड्रायव्हर वेगळं मॉड्यूल असतो. वॉचडॉगच्या ड्रायव्हरने मधेच एए लिहून दार लावलं की सेन्सरच्या ड्रायव्हरला पुढचं वाचन २५५ मिळतं. अधूनमधून येणाऱ्या २५५चं सर्वात सामान्य कारण मला हेच वाटतं.

यासाठी ‘रिक्वेस्ट मक्स्ड रीजन’ आहे. साधी रिक्वेस्ट पोर्ट अडलेला असला की नकार देते. ही तो मोकळा होईपर्यंत झोपून वाट पाहते, पण ज्याने पोर्ट धरला आहे त्यानेही तो याच पद्धतीने धरलेला असला तरच. म्हणून त्या चिपला हात लावणारे सगळे ड्रायव्हर एकाच वेळी बदलावे लागतात. एकाने साध्या रिक्वेस्टने कायमचा धरून ठेवला तर बाकीच्यांना ‘बिझी’च मिळणार. वापरण्याचा क्रम असा ठेवा: मागा, मिळालं का तपासा, किल्ली लिहा, लॉजिकल डिव्हाइस दर वेळी नव्याने निवडा, काम करा, दार लावा, मग सोडा. मागच्या वेळी निवडलेलं लॉजिकल डिव्हाइस अजून तेच असेल असं धरून चालणं ही या प्रकारातली ठरलेली चूक आहे. ही रिक्वेस्ट झोपू शकते, म्हणून इंटरप्ट हँडलरमधून किंवा स्पिनलॉक धरून ती करू नका. आणि आपण धरलेलं असताना आपल्याच दुसऱ्या फंक्शनने ती पुन्हा मागितली तर ड्रायव्हर स्वतःचीच वाट पाहत कायमचा अडकतो.

ही रेस, म्हणजे दोन कोडची वेळेवरून होणारी टक्कर, आहे हे सिद्ध करायचं तर दोन लूप चालवा. एक सेन्सर सतत वाचणारा, दुसरा वॉचडॉगची स्थिती विचारणारा, आणि दोन्ही वेगवेगळ्या कोअरना बांधून. आठवड्यातून एकदा येणारी चूक काही मिनिटांत येऊ लागली तर निदान पक्कं. एकाच कोअरवर बूट करून चूक कमी झाली तर तो इशारा समजा, पुरावा नाही, कारण प्रीएम्प्शन (एक काम मधेच थांबवून दुसरं चालवणं) आणि इंटरप्ट तेव्हाही असतातच.

पोर्टवरची ये-जा पाहायची असेल तर एक अडचण येते. इनबी-आउटबी इनलाइन होतात, म्हणजे कॉल न राहता जागच्या जागी मिसळतात, त्यामुळे एफट्रेसला (फंक्शनचे कॉल नोंदवणाऱ्या कर्नलच्या साधनाला) ते फंक्शन म्हणून दिसतच नाहीत. ज्या पोर्टचं उपकरण व्हर्च्युअल मशीनमध्ये आहे, उदाहरणार्थ सीमॉस, सीरियल किंवा कीबोर्ड, तिथे सोपी वाट आहे: तोच कर्नल केव्हीएमच्या गेस्टमध्ये चालवा आणि होस्टवर ‘केव्हीएम पीआयओ’ हा ट्रेसपॉइंट सुरू करा. गेस्टने केलेलं प्रत्येक वाचणं-लिहिणं पोर्टच्या क्रमांकासह समोर येतं. कोण कोणाच्या मध्ये घुसतं ते ओळीओळीने वाचता येतं.

क्रम उलटा झालेला आउटबी

लिनक्समध्ये आउटबीला आधी किंमत आणि मग पोर्ट द्यायचा असतो. फ्रीबीएसडीमध्ये आधी पोर्ट, मग किंमत. एकीकडचा कोड दुसरीकडे आणला की हे उलटं राहून जातं, आणि बेस व्हेरिएबलमध्ये असेल तर कंपायलर काही बोलत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही आकडेच. सीरियल पोर्टचा बेस हेक्स ३एफ८ असतो. त्याच्या लाइन कंट्रोल रजिस्टरवर, म्हणजे ३एफबी वर, हेक्स ८० लिहायचं होतं. क्रम उलटला तर पोर्ट ८० वर एफबी लिहिलं जातं. पोर्ट ८० हा बूटच्या निदानाचा पोर्ट, तिथे लिहिल्याने सहसा काही बिघडत नाही. त्यामुळे चूक दिसत नाही, फक्त बॉड रेट (सीरियलचा वेग) कधीच बसत नाही. पोर्ट केलेल्या ड्रायव्हरमध्ये ‘लिहिलेलं लागूच होत नाही’ अशी तक्रार असेल तर सगळ्यात आधी हे तपासा.

डिलेचा प्रश्न

शेवटी ‘पी’ असलेली आवृत्ती लिहून झाल्यावर थोडं थांबते. जुन्या आयएसए उपकरणांना दोन लिखाणांमध्ये श्वास घ्यायला वेळ लागायचा, म्हणून कर्नल पोर्ट ८० वर एक निरुपयोगी लिखाण करून साधारण १ मायक्रोसेकंद घालवत असे. काही लॅपटॉप या लिखाणानेच हँग होतात असं आढळलं, तेव्हा ‘आयओ डिले’ हा बूट पर्याय आला. त्यात पोर्ट ८०, पोर्ट ईडी, यूडिले (ठरावीक मायक्रोसेकंद थांबणारं फंक्शन) किंवा काहीच नाही, यातून निवड करता येते. मशीन अधूनमधून पूर्ण गोठत असेल आणि लॉगमध्ये काहीच मिळत नसेल तर हा पर्याय यूडिलेवर ठेवून पाहा.

साफसफाई करताना मात्र ‘पी’ सरसकट काढू नका. ज्याला डिले लागतो त्याची डेटाशीट पाहा आणि तिथे यूडिले उघडपणे लिहा, शेजारी कारण देणारी कॉमेंट टाका. इंटरप्ट कंट्रोलर आणि टायमर यांचं सुरुवातीचं इनिशिअलायझेशन मी तरी शेवटपर्यंत तसंच ठेवेन, कारण बूटच्या त्या टप्प्यावर यूडिलेचं कॅलिब्रेशनच झालेलं नसू शकतं. आणि रेस झाकण्यासाठी डिले वाढवला असेल, जे फार वेळा होतं, तर आधी लॉक नीट करा, मग तो डिले काढून पाहा.

एआरएमवर का कोसळतं

एक्स८६ सोडलं तर बहुतेक आर्किटेक्चरना वेगळी पोर्टची जागाच नाही. एआरएम६४ वर पीसीआय ब्रिजची आयओ खिडकी मेमरीत एका ठिकाणी मॅप केलेली असते आणि इनबी त्या मॅपमध्ये वाचतं. तिथे ब्रिजच नसेल तर मॅपही नसतो. मग हेक्स २ई चाचपडून पाहणारा सुपर आयओचा ड्रायव्हर रिकाम्या पत्त्यावर जातो, आणि एक्स८६ वर निमूटपणे मिळालं असतं ते २५५ इथे पेजिंग रिक्वेस्टचा ऊप्स बनतं. ज्या पोर्टवर नुसतं विचारून पाहिलं तर काय बिघडतं, असं आपण एक्स८६ वर मानत आलो, ते गृहीतक इथे मोडतं.

यासाठी २०२३ मध्ये कर्नलमध्ये ‘हॅज आयओपोर्ट’ हा कॉन्फिग पर्याय आला. एस३९० सारख्या ज्या मशीनवर पोर्ट नाहीतच, तिथे तो बंद राहतो. फक्त पोर्टवर चालणाऱ्या ड्रायव्हरने त्यावर अवलंबून आहे असं केकॉन्फिगमध्ये (बिल्डचे पर्याय ठरवणाऱ्या फाइलमध्ये) सांगायचं. जो ड्रायव्हर पोर्ट आणि मेमरी दोन्हींवर चालतो, जसा ८२५० सीरियल, त्याने फक्त पोर्टचा भाग वेगळा काढायचा. इथे दोन पळवाटा दिसतात. एक म्हणजे ड्रायव्हर सरळ एक्स८६ पुरता बांधून टाकणं. त्याने कोसळणं थांबतं, पण पीसीआय कार्डाचा ड्रायव्हर असेल तर बाकी आर्किटेक्चरवरचे वापरकर्ते विनाकारण बाहेर पडतात. दुसरी जास्त वाईट: पोर्ट नसेल तिथे एफएफ परत करणारं खोटं इनबी लिहिणं. त्याने बिल्ड हिरवा होतो आणि चूक चालत्या मशीनवर ढकलली जाते. बिल्डच्या वेळीच एरर येणं केव्हाही चांगलं.

एकच वाट ठेवायची

आता प्रत्यक्ष आवराआवर. पहिल्या कमिटमध्ये वागणूक अजिबात बदलू नका. ड्रायव्हरमधले सगळे इनबी-आउटबी दोन छोट्या फंक्शनांमागे न्या, ज्यांना डिव्हाइसचं स्ट्रक्चर आणि रजिस्टरचा ऑफसेट मिळेल. ती इनलाइन ठेवून बदलाआधीची आणि नंतरची ऑब्जेक्ट फाइल डिसअसेंबल करून पाहा, सूचना जवळपास सारख्याच दिसायला हव्यात. पुढच्या कमिटमध्ये पोर्टची नोंद, त्यानंतर लॉक, आणि डिले सगळ्यात शेवटी. एकाच पॅचमध्ये सगळं केलं तर काही बिघडल्यावर बायसेक्ट (बिघडवणारं कमिट शोधण्याची पद्धत) तुम्हाला एका भल्यामोठ्या बदलापाशी आणून सोडेल. शोध चालू असेपर्यंत या दोन फंक्शनांना इनलाइन होऊ दिलं नाही तर मघाशी न दिसणारी ये-जा एफट्रेसलाही दिसू लागते. केवळ त्यासाठीही ही मेहनत करण्यासारखी आहे.

पोर्ट आणि मेमरी दोन्ही चालवायचे असतील तर ‘आयओपोर्ट मॅप’ किंवा पीसीआयसाठी ‘पीसीआय आयओमॅप’ घ्या आणि पुढे सगळीकडे आयओरीड-आयओराइट वापरा. मॅपमधून मिळतं ते टोकन असतं, पोर्टचा क्रमांक नव्हे. त्याला परत आकड्यात बदलून इनबीला देऊ नका. एका आर्किटेक्चरवर ते योगायोगाने चालेल आणि दुसऱ्यावर फसेल. स्पार्स (कर्नलचा कोड तपासणारं साधन) चालवून बिल्ड केलात तर अशा बऱ्याच जागा तो स्वतःच दाखवतो.

कार्डाचा पोर्टचा बीएआर (कार्डाची पत्त्यांची खिडकी) सोडून मेमरीच्या बीएआरवर जात असाल तर एका फरकाकडे लक्ष द्या. पोर्टवरचं लिखाण पूर्ण होईपर्यंत प्रोसेसर थांबतो. मेमरीवरचं लिखाण पीसीआयवर पोस्टेड असतं, म्हणजे ते वाटेत असतानाच कोड पुढे जातो. इंटरप्ट क्लिअर करण्याचं लिखाण असं वाटेत राहिलं आणि हँडलर परतला, तर लेव्हल इंटरप्ट (क्लिअर होईपर्यंत लागलेलाच राहणारा) लगेच पुन्हा लागतो. असे फुकटचे इंटरप्ट साचले की कर्नल ‘नोबडी केअर्ड’ म्हणत ती लाइनच बंद करतो. अशा ठिकाणी लिहिल्यावर त्याच डिव्हाइसचं एखादं निरुपद्रवी रजिस्टर वाचून लिखाण पोहोचल्याची खात्री करा.

निरुपद्रवी हा शब्द मुद्दाम वापरला, कारण बरीच रजिस्टरं नुसती वाचली तरी बदलतात. सीरियलचं रिसीव्ह रजिस्टर वाचलं की एक बाइट निघून जाते. लाइन स्टेटस वाचलं की एररचे बिट पुसले जातात. म्हणून डिबगसाठी सगळी रजिस्टरं छापणारा कोड घालताना विचार करा, नाहीतर शोधायला निघालेली चूक तुम्हीच निर्माण कराल. त्याच कारणाने शेजारशेजारची दोन आठ बिटांची वाचनं एका सोळा बिटांच्या वाचनात गुंडाळू नका, डेटाशीट तसं स्पष्ट म्हणत नसेल तोवर.

कर्नलची बाजू स्वच्छ झाल्यावरही चूक येत असेल तर युजरस्पेसकडे, म्हणजे कर्नलबाहेरच्या प्रोग्रामांकडे, बघा. ‘डेव्ह पोर्ट’ ही फाइल उघडणारी, आयओपर्म किंवा आयओपीएल या कॉलने पोर्टची परवानगी मागणारी जुनी निदान साधनं आणि फ्लॅश लिहिणारे प्रोग्राम तुमच्या लॉकच्या बाहेर असतात. कर्नल ५.५ पासून, म्हणजे जानेवारी २०२० पासून, आयओपीएल फक्त पोर्टची परवानगी देतं. त्याआधी त्यातून इंटरप्टही बंद करता यायचे. कर्नल ५.४ मध्ये आलेला लॉकडाउन (रूटलाही कर्नलमध्ये ढवळाढवळ करू न देणारा मोड) सुरू केला तर या तिन्ही वाटा बंद होतात. तो सुरू करून चूक थांबली, तर गुन्हेगार युजरस्पेसमध्ये आहे हे कळलं.

आणि लॉक, नोंद, क्रम सगळं नीट असूनही २५५ अधूनमधून नव्हे तर कायमच येत असेल, तर पोर्ट चिपपर्यंत पोहोचतोय का ते तपासा. सुपर आयओ एलपीसी ब्रिजच्या (चिपसेट आणि अशा छोट्या चिपा यांच्यातल्या दुव्याच्या) मागे असते आणि ब्रिजला जी रेंज डीकोड करायला सांगितली आहे तेवढीच तो पुढे पाठवतो. चिपने स्वतःचा बेस एक सांगितला आणि फर्मवेअरने ब्रिजमध्ये ती रेंज उघडलीच नाही, तर ड्रायव्हरमध्ये कितीही आवराआवर करा, उत्तर एफएफच येईल. ब्रिजची पीसीआय कॉन्फिगरेशन रजिस्टरं वाचा, डीकोडच्या रेंज चिपसेटच्या डेटाशीटशी ताडून पाहा, आणि फरक सापडला तर तक्रार फर्मवेअरकडे न्या.